अक्काच्या गॅरेजचं दार

"विमे, तू पडलीस तर मला उचलता यायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते!" अक्का गाडीत बसल्या बसल्या ओरडली.

"मी पडत नाही. तू तुझं बघ. आरशाखालचं बटण सापडलं का?"

"सापडायला ते हरवलंय कुठं? तीन आहेत. डावीकडचं ठरलंय ना?"

"डावीकडचंच. आणि मी सांगेपर्यंत हात लावू नकोस."

मी घडीच्या शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी होते. वय चौसष्ट. साडी वर खोचलेली, पायात लोकरीचे मोजे, अंगात भाऊजींचा जुना कोट, त्याच्या बाह्या माझ्या बोटांपर्यंत आलेल्या. डोक्यावर छताला टांगलेली मोटर. गॅरेजचं दार वर-खाली करते ती. माझ्याकडं त्या वेळी कुणी बघितलं असतं तर पोलीस बोलावले असते. पण त्या गल्लीत शनिवारी सकाळी माणूस दिसेल तर शपथ.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, शरयू. लग्न होऊन अमेरिकेत गेली ती तिथलीच झाली. ओहायोत, डेटनजवळ तिचं घर. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या वर्षी फेब्रुवारीत अक्का स्वतःच्याच दारात पडली.

झालं काय, तिच्या गाडीत दार उघडायचा एक हातातला रिमोट होता, काडेपेटीएवढा. तो मेला नीट चालायचा नाही. काच खाली करून हात बाहेर काढला, दाराकडं धरला, की मग दोन-तीनदा दाबल्यावर दार हलायचं. त्या दिवशी हातमोज्यातून तो निसटला आणि बर्फात पडला. तो उचलायला ती उतरली आणि सटकली. मनगट मोडलं. पाऊण तास तशीच पडून होती, पोस्टमन आला तेव्हा त्यानं बघितलं.

तेव्हापासून तिच्या मुलानं, हृषीकेशनं, एकच धोशा लावला. "आई, हे घर आता तुला झेपत नाही. माझ्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी छान होम आहे. तिथं जेवण मिळेल, डॉक्टर असतो, योगासनं घेतात."

"योगासनं मी घरी करत नाही, तिथं कशाला करू?" ही अक्का.

हृषी वाईट नाही हो. दोन तासांवर राहतो, रोज फोन करतो. पण आई पाऊण तास बर्फात पडली होती हे त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. मला त्यानंच बोलावून घेतलं होतं. "मावशी, तुझं ऐकते ती. तू समजाव."

मी सप्टेंबरात गेले. नोव्हेंबर उजाडला तरी मी काही समजावलं नव्हतं. शेवटी बुधवारी हृषीचा फोन आला, रविवारी येतो म्हणून. होमचे कागद घेऊन येतो, आई, आता हिवाळा तोंडावर आलाय.

अक्का फोनवर शांतपणे म्हणाली, "ये. आता घेतलेल्या सेकंडहँड गाडीच्या आरशाला बटणं आहेत. त्यानं दार उघडतं म्हणे. रविवारी मी गाडीतून खाली पाय न ठेवता बाहेर जाऊन परत आत येऊन दाखवते. जमलं तर मी इथंच राहणार, तू परत विषय काढायचा नाहीस. नाही जमलं तर तू म्हणशील तिथं सही करते."

"आणि ती बटणं सेट कोण करणार?"

"मी आणि विमल."

 पलीकडून तो हसला. अक्कानं फोन ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

तर अशी आमची शनिवारची सकाळ. गाडी दाराबाहेर, तोंड आत करून उभी, दार उघडं, अक्का स्टिअरिंगशी बसलेली, मी शिडीवर. माहितीपुस्तकातली निम्मी कामं आम्ही चहाच्या आधीच उरकली होती. आरशाची कडेची दोन बटणं दाबून धरली, त्याबरोबर आधीच्या मालकाचं जे काही होतं ते पुसलं गेलं. मग हातातला रिमोट आरशापाशी नेऊन रिमोटचं आणि आरशाचं डावीकडचं, अशी दोन्ही बटणं एकदम दाबून धरली, आणि आरशातला इवलासा दिवा भराभरा लुकलुकायला लागला. म्हणजे आरसा रिमोटची भाषा शिकला. अक्कानं टाळी मागितली, मी दिली.

आता उरलं होतं मोटरला सांगायचं, की बाई, या नव्या बटणाचंही ऐकत जा. त्यासाठी मोटरच्या पाठीवर एक बटण होतं. ते दाबायचं, आणि तीस सेकंदांच्या आत गाडीतलं बटण दोनदा दाबायचं. बस्स. म्हणून तर दोन माणसं लागत होती. वर एक, गाडीत एक.

"दाबलं गं!" मी ओरडले. बटणाशेजारचा दिवा लागला.

"थांब, चष्मा घसरला!"

"तीस सेकंद आहेत, शरयूबाई!"

"अगं आहे आहे, सापडला. धरलंयस ना?"

"धरलंय!"

आणि मी खरंच धरून ठेवलं होतं. अंगठा पांढरा पडेपर्यंत. आता यात माझी काय चूक ते ऐका. मी मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली. ट्रंक कॉलच्या बोर्डावर. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं, पलीकडचा माणूस बोलल्याशिवाय बोर्डावरची दाबलेली 'की' सोडायची नाही. सोडली की लाइन गेली, आणि मग साहेबाची बोलणी. बत्तीस वर्षं त्या हातानं तेच केलं. त्या हाताला काय माहीत, अमेरिकेतली मोटर निराळी असते म्हणून.

"दाबलं दोनदा! झालं!" अक्का म्हणाली.

तेव्हा मी बोट काढलं. दिवा विझलेला होता. मला वाटलं, काम झालं म्हणून विझला.

अक्कानं आरशाचं बटण दाबलं. दार ढिम्म. परत दाबलं. ढिम्म. मग तिनं हातातला जुना रिमोट घेतला, काच खाली केली, हात लांब केला, दाबला. एकदा, दोनदा, पाच वेळा. दार जागचं हललं नाही.

"विमे, हाही चालेना."

मी शिडीवरून उतरले. भिंतीवरचं बटण दाबून बघितलं, तर त्यानं दार खाली-वर होत होतं. म्हणजे मोटर जिवंत होती. अक्का गाडीतून उतरून आली, आम्ही दोघी माहितीपुस्तकावर वाकलो. ती इंग्रजी वाचत होती, तिचं बोट ओळीवरून सरकत होतं, आणि एका ठिकाणी थांबलं.

"दाबून लगेच सोडायचं होतं," ती म्हणाली. "सहा सेकंदांहून जास्त धरलं तर मोटर सगळंच विसरते. आजवर शिकवलेले सगळे रिमोट."

"सगळे?"

"सगळे."

"कर्म माझं! अक्का, मला काय माहीत..."

"तुझी काय चूक? मीच म्हटलं ना, धरलंयस ना म्हणून." ती मोटरकडं बघत उभी राहिली. "ही यांनी बसवली होती. पंधरा वर्षं झाली. असंच शिडीवर चढून शिकवलं होतं तिला. मी खाली शिडी धरून उभी होते आणि हे वरून मला शिव्या घालत होते, हलवू नको म्हणून."

एवढं बोलून ती आत निघून गेली. मी शिडीपाशीच उभी राहिले. माणूस गेल्यावर त्याचं कायकाय आपण जपून ठेवतो, कपडे, चष्मा, पेन. मोटरच्या पोटातही त्याचं काही उरलं असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, आणि मी तेच पुसून टाकलं होतं.

आत गेले तर अक्का ओट्याशी चहा टाकत होती. पाठमोरी.

"हृषीला फोन लाव," ती म्हणाली. "सांग, उद्या सही करते. उगाच पोराला दोन तास घोर लावून आणण्यापेक्षा आजच कळू दे."

"अगं, परत करू की. पुस्तकात दिलंय ना."

"नको. बरोबर आहे त्याचं. दोन म्हाताऱ्यांना एक बटण दाबता येत नाही, आणि म्हणे एकटी राहते! उद्या गॅस चालू राहील, परवा आणखी काही. लाव फोन."

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. फोन माझ्या हातात होता, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. अक्काचं घर जातंय, तिचा चेहरा उतरलाय, आणि माझ्या पोटात आनंदाची उकळी. कारण मी मिरजेहून निघतानाच मनात मांडे खाऊन निघाले होते. हृषीला वाटत होतं मावशी आईला होमसाठी तयार करायला येतेय. मी काही होमसाठी आले नव्हते. मी तिला मिरजेला न्यायला आले होते.

मी लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं. आई गेल्यावर दोन खोल्यांच्या घरात मी आणि रेडिओ. अक्का अमेरिकेला गेली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आणि तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे तीन मिनिटांचा ट्रंक कॉल. शेजारच्या मुतालिकांच्या घरी फोन, आई तिथं जाऊन बसायची, अमेरिकेहून मुंबईमार्गे आलेला कॉल मी माझ्या बोर्डावरून जोडून द्यायची, आणि दोघींचं बोलणं ऐकत बसायची. मधे बोलायची मला परवानगी नव्हती. तीन मिनिटं संपत आली की मीच सांगायची, वेळ झाली म्हणून. माझ्याच आईला आणि माझ्याच बहिणीला.

"अक्का," मी म्हटलं, "होममध्ये कशाला जातेस? मिरजेला चल. माझ्याकडं."

ती वळली. "तुझ्याकडं?"

"आतली खोली रंगवून आलेय मी. तुझ्या आवडीचा पिस्ता रंग दिलाय. खाट करून घेतलीय, गादी नवी भरलीय. आणि..."

"आणि काय?"

"कमोड बसवून घेतलाय. तुला खाली बसवत नाही ना, म्हणून. गल्लीतली पोरं बघायला आली होती."

अक्का माझ्याकडं बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. हसता हसता तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढली, पदरानं डोळे पुसले, परत हसली. "मला न विचारता कमोड बसवलास! अगं बाई, विमे! माझ्यासाठी आजवर कुणी एवढं केलं नाही."

"मग चल ना."

तिचं हसू हळूहळू थांबलं. तिनं माझा हात हातात घेतला. तिचा तो मोडून जुळलेल्या मनगटाचा हात, अजून थोडा वाकडाच होता.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "तुझ्याकडं आले तर तू मला तळहातावर ठेवशील, ठाऊक आहे मला. हृषीच्या त्या होममध्येही ठेवतील. पण मी सकाळी उठले की मला कुणाला विचारायला लागू नये गं, चहा करू का म्हणून. या घरात मी यांच्याबरोबर भांडले, पोर वाढवलं, हे गेले तेव्हा त्या खोलीत एकटी बसून रडले. मला इथंच म्हातारी व्हायचंय. मिरजेला मी येईन की, पाहुणी म्हणून येईन. राहायला ये म्हणू नकोस."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? एवढी चाळीस वर्षं वाट बघितली आणि बाई म्हणते पाहुणी म्हणून येईन. मी हात सोडवून घेतला आणि चहा गाळला.  फोन टेबलावर पडलेला. मी तो लावला असता तरी ती काही बोलली नसती. उद्या सही झाली असती, आणि महिना-दोन महिने होमचं जेवण जेवल्यावर ती मिरजेला आलीच असती, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

चहा संपला. तिनं दोन्ही कप विसळून पालथे घातले. ओट्यावरचा एक डाग नखानं खरवडला. खिडकीतल्या कुंडीत पाणी घातलं. मी तिच्याकडं बघत होते. ती बघत होती कुंडीकडं, आणि उद्यापासून यात पाणी कोण घालणार, हाच विचार तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

मी उठले.

"चल," मी म्हटलं.

"कुठं?"

"गाडीत जाऊन बस. चष्मा आधीच नीट घाल. दोरी बांध हवं तर."

"विमे, अगं..."

"वाद घालू नकोस, अंगठा दुखतोय माझा."

परत शिडी. परत कोटाच्या बाह्या. या वेळी मी उजवा हात खिशात घातला, त्याच्यावर माझा भरवसा उरला नव्हता. डाव्या हाताचं बोट पुढं केलं.

"अक्का! तयार?"

"तयार!"

दाबलं. सोडलं. दिवा लागलेला तसाच राहिला.

"आता!"

तिनं बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. मोटरमधून खट असा आवाज आला, वरचा बल्ब लागला, आणि माझ्या कानाशी साखळी खडखडायला लागली. दार निघालं. माझ्यापासून ते खाली, पुढं, अक्काच्या बाजूला सरकत गेलं. आधी तिचं डोकं दिसेनासं झालं, मग गाडीची काच, मग चाकं, आणि दार जमिनीला टेकलं. मी आत, शिडीवर एकटी. बाहेरून काहीच ऐकू येत नव्हतं.

तिथं उभी राहून मी रडले. मिनिटभरच. मीच माझ्या हातानं ते केलं होतं, आणि परत करायला सांगितलं असतं तरी मी तेच केलं असतं.

मग खट झालं, आणि दार वर चढायला लागलं. खालच्या फटीतून उजेड आला, चाकं दिसली, नंबर दिसला, आणि काचेमागं अक्का. दोन्ही हात वर करून नाचत होती. सत्तर वर्षांची बाई, गाडीच्या सीटवर बसून नाचत होती.

रविवारी आम्ही पोळ्या करत होतो तेव्हा खिडकीतून हृषीची गाडी आलेली दिसली. तो गॅरेजसमोर थांबला. त्याच्याकडं भाऊजींनी दिलेला रिमोट होता, तो नेहमी दार उघडून गॅरेजमधूनच घरात यायचा. आम्ही बघत होतो. त्यानं दाबला. परत दाबला. उतरून दाराजवळ येऊन दाबला. मी अक्काकडं बघितलं, अक्कानं तोंडावर पीठ लागलेला हात धरला. शेवटी तो पुढच्या दाराशी आला आणि त्यानं बेल वाजवली.

अक्का हात धुऊन, केस सारखे करून, सावकाश गेली. दार उघडलं.

"आई, माझा रिमोट चालत नाही."

"हो, पुसला तो. आम्हीच पुसला. ये ना, आत ये."

कागदांचं पाकीट काखेत धरून तो आत आला. जेवणाआधीच तिनं त्याला अंगणात उभं केलं, गाडीत बसली, गॅरेजमधून बाहेर गेली, दार लावलं, गल्लीला वळसा घालून आली, दार उघडलं, आत शिरली, दार लावलं. खाली पाय न ठेवता.  "परत एकदा," तो म्हणाला. तिनं परत केलं. मग त्यानं मला विचारलं, "मावशी, कोणी केलं हे?" मी म्हटलं, "तुझ्या आईनं. मी फक्त शिडीवर उभी होते." त्यानं पाकीट गाडीत नेऊन ठेवलं आणि जेवायला बसला. तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. जाताना म्हणाला, "आई, माझा रिमोट कधी सेट करून देशील?"

"देईन की," अक्का म्हणाली. "पण तू बेल वाजवलीस ते मला आवडलं रे. यायच्या आधी केस विंचरता आले."

तो हसला, आणि मग त्यानं तिला जवळ घेतलं, बराच वेळ.

बारा दिवसांनी मी निघाले. मला सोडायला अक्काच आली, हट्टानं, तास-सव्वा तासाचा हायवे. विमानतळावर मला उतरवलं, पिशवी हातात दिली, आणि पोलिसानं हात केला म्हणून नीट निरोपही न घेता तिला गाडी पुढं काढावी लागली. मी तपासणी करून आत जाऊन बसले. बाहेर भुरभुर बर्फ सुरू झाला होता. हृषीनं दिलेला मोबाईल मुठीत धरून मी मिनिटं मोजत होते. दीड तासानं तो वाजला.

"विमे, आले गं घरी," अक्का म्हणाली. "गाडी आत, दार बंद, आणि मी कोरडी ठणठणीत. आता चहा टाकते."

"बरं झालं," मी म्हटलं. आणि मनापासून बरं वाटायला मला विमान सुटेपर्यंत वेळ लागला.